आमचा रविवार अष्टमीला येतो

(मुंबईच्या मराठी दैनिकांच्या शहर-पुरवण्या काढणाऱ्या सर्व संपादकांना एडवणहून खुलं पत्र)

संपादक महोदय,



मी तुमचा जुना वाचक. धंद्याने कटिंग मास्तर. दादरच्या एका दुकानात तीस वर्षं लेडीज कपडे बेतले आणि आता गावी येऊन राहिलो आहे. तुमची पुरवणी मी दोनदा वापरायचो. सकाळी सफाळ्याहून गाडीत बसलो की विरारपर्यंत वाचायची, आणि दुकानात गेलो की तिच्यावर खडूने आखून ब्लाउजचा फर्मा कापायचा. गुळगुळीत कागद असल्याने तो चांगला टिकायचा. त्यामुळे नट-नट्यांच्या मुलाखती, डाएटचे तक्ते आणि राशिभविष्य यांतून मी किती बाह्या कापल्या असतील याचा हिशेब नाही. हे तक्रार म्हणून सांगत नाही. तुमच्या पुरवणीशी माझा संबंध किती जवळचा आहे, एवढंच कळावं.

माझं गाव एडवण. पालघर तालुक्यात, सफाळे स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राला लागून. आमच्या उत्तरेला केळवे, दक्षिणेला कोरे आणि दातिवरे, त्यापुढे वैतरणेची खाडी आणि पलीकडे अर्नाळा. गावात आशापुरी देवीचं देऊळ आहे, वाड्या आहेत, कोळीवाडा आहे. मी कोळीवाड्यातला.

काही महिन्यांपूर्वी तुमच्यापैकी एका पुरवणीत (नाव घेत नाही, कारण उद्या दुसरी कुठलीही तेच छापेल) मुंबईजवळच्या 'अस्पर्श' किनाऱ्यांवर एक पानभर मजकूर आला. त्यात आमचा पट्टा होता. कसं यायचं ते होतं. काय खायचं ते होतं. काय घालायचं तेही होतं: पांढरं किंवा फिकट रंगाचं सुती, म्हणजे फोटोत वाळूवर उठून दिसतं. पहाटे समुद्रात उगवणाऱ्या सूर्याकडे तोंड करून योगासनं करा, असं होतं. आता आमचा समुद्र पश्चिमेला. सूर्य आमच्याकडे पाठीमागून, तांदूळवाडीच्या डोंगराच्या बाजूने उगवतो. समुद्राकडे तोंड करून सूर्याची वाट बघत बसायचं तर संध्याकाळपर्यंत बसावं लागेल. पण ते असो. लिहिणारा आला नसेल, चालायचंच. सूर्यास्ताची वेळ मात्र त्यात मिनिटासकट बिनचूक होती.

फक्त एक गोष्ट नव्हती. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. समुद्रावर एक अख्खं पान, आणि समुद्र कधी घरी असतो नि कधी बाहेर, याचा एक शब्द नाही.

तो एक शब्द नसल्याने काय होतं ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. शुद्ध द्वादशी होती. दुपारी चारच्या सुमारास एक गाडी आली. दोन मुलं, दोन मुली, पंचविशीच्या आतबाहेर. एप्रिल २०२५ पासून विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला रोरो सुरू झाली आहे. पूर्वी हायवेने लांबचा वळसा घ्यावा लागायचा, आता गाडीसकट खाडी ओलांडता येते. त्यामुळे गाड्या वाढल्या आहेत. चार वाजता पाणी खूप आत होतं. ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट, चकचकीत, आभाळ दिसावं अशी. त्यांनी गाडी थेट तिच्यावर नेली, आत, आणखी आत, पाण्याजवळ. पुतण्या ओरडून सांगायला गेला. "काका, सूर्यास्त सहा वाजून तीन मिनिटांनी आहे, तेवढा घेतो आणि निघतो," असं उत्तर मिळालं. पुतण्याचं वय सव्वीस. त्याला काका म्हटल्याचाच जास्त राग आला, तो परत फिरला.

आता यात समजून घेण्यासारखी गोष्ट अशी की पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढतीत पहिला तास जेमतेम हलतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला धावतं. दुसरी गोष्ट, आमच्यासारख्या सपाट किनाऱ्यावर वाळूत किनाऱ्याला समांतर असा एक सखल पट्टा असतो. नवख्याच्या डोळ्याला दिसत नाही. पाणी आधी तिथे शिरतं. म्हणजे तुम्ही समोर बघत उभे असता आणि समुद्र तुमच्या मागे येऊन बसलेला असतो.

सहा वाजता नेमकं तेच झालं. सूर्य बुडाला, फोटो झाले, आणि मागे वळून बघतात तर गाडी आणि गाव यांच्यामध्ये गुडघाभर पाणी. गाडी सुरू करून वळवायला गेले तशी मागची चाकं रुतली. मग आरडाओरडा. एक तांडेल पुढे झाला, तो पहिलं वाक्य बोलला ते असं: गाडीचं नंतर बघू, पोरी आधी बाहेर काढा. माणसं निघाली. मग वाडीतून ट्रॅक्टर आला, दोर बांधला, दोनदा तुटला. गाडी निघाली तेव्हा इंजिनात पाणी गेलेलं होतं आणि सीटवर जवळा नाचत होता.

या वेळी निभावलं. दर वेळी निभावत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या केळव्याच्या किनाऱ्यावर एका दुपारी चार जण बुडाले, त्यांत नाशिकहून सहलीला आलेली कॉलेजची मुलंही होती. अशी बातमी तुम्ही मुख्य अंकात छापता, आणि पुढच्या शनिवारी पुरवणीत पुन्हा किनारा छापता. दोन्ही पानं एकाच घडीत येतात. एकमेकांशी बोलत नाहीत.

तुम्हाला भरती माहीतच नाही असं मी म्हणणार नाही. पावसाळा आला की साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस मुंबई महापालिका आधीच जाहीर करते आणि तुम्ही तारीखवार यादी ठळक चौकटीत देता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि साडेचार मीटरच्या जवळपासची भरती एकाच दिवशी आली, तेव्हापासून तर शेंबड्या पोरालाही भरतीचं गणित कळतं. म्हणजे समुद्र शहरात शिरणार असेल तेव्हा त्याची वेळ छापायची, आणि शहर समुद्रात शिरणार असेल तेव्हा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब दोन्ही बाजूंनी लिहा.

आता तुम्ही म्हणाल, लाइफस्टाइलच्या पानावर भरती-ओहोटी कशाला? तो काय लाइफस्टाइलचा विषय आहे?

आहे. आमच्याकडे तोच आहे.

तुमच्या पुरवणीचं सगळं जग शुक्रवारपासून रविवारपर्यंतचं. शुक्रवारी सिनेमा लागतो, शनिवारी बाहेर पडायचं, रविवारी उशिरा उठायचं. आमच्या पट्ट्यातल्या डोलीच्या मासेमारीला वार कळत नाहीत, तिला तिथी कळते. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते ओढत नेत नाहीत, प्रवाहाच्या तोंडावर बांधून ठेवतात आणि प्रवाहच मासा आत आणून टाकतो. म्हणून पाण्याला ओढ पाहिजे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, पाणी सुसाट धावतं, डोल भरते. तेव्हा घरातलं माणूस घरात दिसत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग येतो. पाणी मंदावतं, जाळं लोंबकळत राहतं, धंदा बसतो. तेव्हा माणसं किनाऱ्यावर. जाळी शिवायची, पागोरे सोडवायचे, होडीला तेल लावायचं, सोयरिकीचं बोलायचं, दुपारी झोपायचं. आमचा रविवार असा पंधरवड्यातून एकदा येतो, अष्टमी-नवमीला. आणि मोठी सुट्टी वर्षातून एकदा, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, सरकारी मासेमारी बंदीची. ती नारळी पौर्णिमेच्या नारळाबरोबरच खरी संपते.

सिनेमासुद्धा आम्ही तिथीनेच बघितला. मी दहा-अकरा वर्षांचा असताना गावात पडद्यावरचा सिनेमा यायचा. पालघरहून मशिनवाला यायचा, दोन माडांच्या मध्ये पांढरा पडदा ताणायचा. अर्धा गाव पुढून बघायचा आणि जागा न मिळालेला अर्धा गाव मागून. मागून बघणाऱ्यांना पाट्यांची अक्षरं उलटी दिसायची आणि हिरो डावखुरा. पण मशिनवाल्याला बोलवायचं कधी, हे वडीलधारी माणसं ठरवायची, आणि ती कधीही "शनिवारी बोलवा" म्हणाली नाहीत. "नवमीला बोलवा" म्हणायची. उधाणात पडदा लावला तर बघायला बाया आणि पोरंच, तिकिटाचे पैसे देणारा समुद्रात.

असाच एका नवमीला राज कपूरचा 'बॉबी' आला. निघाला होता १९७३ मध्ये, आमच्यापर्यंत पोचायला आणखी सात-आठ वर्षं लागली. डिंपल कापडिया त्यात कोळ्याची पोर, गोव्याकडचा ख्रिस्ती कोळी, प्रेमनाथ तिचा बाप. गाव खूश. आपल्यावर सिनेमा! तिचा तो ठिपक्यांचा, पुढे गाठ मारलेला ब्लाउज देशभर शिवला गेला. मी धंद्यात शिरलो तेव्हाही जुनेजाणते मास्तर त्याचं नाव घ्यायचे. पण माझ्या आईने सिनेमा संपल्यावर पडद्याकडे बघून जे म्हटलं ते मला पक्कं आठवतं. म्हणाली, पोर गोड आहे, पण हिच्या हाताला एकसुद्धा चिरा नाही. मासे कोण साफ करतं हिच्या घरी?

तेव्हापासून मला सवय लागली. पडद्यावर, जाहिरातीत, तुमच्या पुरवणीत कोळीण दिसली की मी आधी हात बघतो.

हातावरून कपड्यांकडे येतो, कारण तो माझा प्रांत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मी सगळ्यात जास्त काय शिवलं असेल तर तयार नऊवारी. मंगळागौर, गुढीपाडव्याची शोभायात्रा, लग्नातलं एक फंक्शन, कोळीगीतावरचा नाच. कमरेला इलॅस्टिक किंवा बाजूला चेन, निऱ्या आधीच चुण्या घालून टाचलेल्या, कासोटा शिवलेला. पायजमा चढवावा तशी चढवायची, दोन मिनिटांत बाई तयार. मी या कामाला नावं ठेवत नाही, त्याच्यावर माझं घर चाललं. पण बेतणारा माणूस असल्याने मला ठाऊक आहे की शिवलेल्या नऊवारीत काय हरवतं. माझी आई जे लुगडं नेसायची ते नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यात ना टाका ना टाचणी. गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेलं, कारण चिखल गुडघ्यापर्यंत असतो. मागे कासोटा घट्ट, कारण टोपली डोक्यावर असताना हात रिकामे नसतात. पाय फाकून तासन् तास उकिडवं बसता येईल एवढी ढील, कारण मासळी निवडायची ती उकिडवंच. आणि कमरेला कनवटी, तिथे पैसे. ती कनवटी एकाही चोराला कधी सापडली नाही. त्या लुगड्यातल्या प्रत्येक वळणाला एक काम होतं. शिवलेल्या नऊवारीत सगळी वळणं दिसतात, कामं नाहीत. तिच्यात उकिडवं बसलं तर आसनाची शिवण उसवते. किती तरी उसवलेल्या माझ्याकडे परत आल्या आहेत. आणि हल्ली प्रत्येक गिऱ्हाईक एक मागणी करतं: मास्तर, मोबाईलला एक खिसा ठेवा. मी नेमका जिथे आईची कनवटी असायची तिथे ठेवतो.

त्या गाडीतल्या मुलींपैकी एक त्या संध्याकाळी भिजून थंडीने कुडकुडत आमच्या ओटीवर बसली होती. पांढरे सुती कपडे, तुमच्या पानावर लिहिल्याप्रमाणे. फोटोत उठून दिसले असतील, पण भिजल्यावर पांढऱ्या कापडाची अब्रू राहत नाही. वहिनीने तिला आत नेलं आणि आपलं एक लुगडं नेसवलं. पोरगी कमरेशी चाचपत राहिली. मग विचारलं, "याला चेन कुठे आहे?" वहिनी म्हणाली, "चेन नाही बाय, गाठ आहे. मार." दहा मिनिटांनी ती चुलीपुढे उकिडवी बसून चहा पीत होती, आणि शिवण काही उसवली नाही. उसवायला शिवण होतीच कुठे!

मला तो क्षण आवडला. तिला आवडला की नाही माहीत नाही, पण चहा तिने दोनदा घेतला.

राहता राहिलं तुमचं तिसरं पान, तब्येतीचं. वेलनेस. त्यात समुद्रावरची हवा असते, अनवाणी चालणं असतं, शरीरातली विषं काढून टाकणं असतं, फोन बंद ठेवणं असतं. यातलं अनवाणी चालणं आणि फोन बंद हे दोन्ही आमच्याकडे उधाणात आपोआप होतं. पण एक अडचण आहे, ती सांगतो.

पाऊस गेला की आमच्या किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या आणि त्यांच्यावर बोंबील सुकत घालायचे. ताजा बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. हातात घेतला तर निसटतो. त्याला दोरीवर बांधत नाहीत. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूला, एक त्या बाजूला. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, म्हणून सुटत नाहीत. सरावाची बाई बोलता बोलता जोड्या टाकत जाते, हाताकडे बघतही नाही. दोनतीन दिवस कडक ऊन आणि कोरडा वारा लागतो. दव पडलं, शिंतोडे आले, की माल काळा पडतो आणि भाव निम्म्यावर. घरच्या बाईचे वर्षाचे पैसे त्या दोऱ्यांवर टांगलेले असतात.

आता सकाळी तिथेच चटया पसरून पाहुणे प्राणायाम करतात. लांब श्वास घ्यायचा व्यायाम, आणि वारा वलांडीवरून. मग नाकाला रुमाल. एकदा एका बाईंनी माझ्या वहिनीला अगदी सभ्य शब्दांत विचारलं, हे जरा दुसरीकडे नाही का लावता येणार, वास येतो. वहिनीही सभ्यच. म्हणाली, "ताई, तुम्ही जरा पलीकडे श्वास घ्या."

मी दोन्ही बाजू समजू शकतो. आठवडाभर लोकलमध्ये लोंबकळलेला माणूस दोन श्वास मोकळे घ्यायला आला, तर त्याला सुकटीचा वास नको असतो. तीस वर्षं मीही तसाच लोंबकळलो आहे. डहाणूपर्यंत लोकल आली १६ एप्रिल २०१३ ला. त्याआधीच्या शटलची आणि पॅसेंजरची गर्दी आठवली तरी अजून खांदा दुखतो. आई तर मासळीची टोपली घेऊन त्याच गाडीने जायची. तिच्या डब्यातून उतरलेला पांढरपेशा माणूसही नाकाला रुमाल लावायचा, आणि तोच संध्याकाळी तिच्याकडून बोंबील घ्यायचा. शहराला आमचा मासा हवा आणि वास नको, ही गोष्ट जुनी आहे. त्यात तुमची चूक नाही. पण तुम्ही लिहिता तेव्हा वलांडीसकट लिहा. फोटो काढणाऱ्याला सांगा, दोऱ्या कापून फ्रेम लावू नको. वाचक तयार मनाने येईल.

'अस्पर्श' या शब्दाचंही तसंच. आमच्या पट्ट्याला काय काय स्पर्श झाले आहेत ते बघा. इथून उत्तरेला तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. त्याही पलीकडे वाढवणला ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, आणि त्या बंदराविरुद्ध कोळीवाडे वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत आले आहेत. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, त्यासाठी सातपाटीच्या कोळ्यांनी आवाज उठवला होता. मान मिळाला कारण मासा कमी होत चालला आहे, वाढला म्हणून नव्हे. सुरूच्या झाडांची मुळं लाटांनी उघडी पडताहेत. असा हा किनारा. सुंदर आहे, मी नाही कसं म्हणेन? पण अस्पर्श म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, इथे कुणी राहत नाही, कुणाला विचारायचं कारण नाही, गाडी कुठेही घालावी.

तुम्हाला वाटेल, हा म्हातारा पाहुण्यांवर चिडलेला दिसतो. तसं नाही. ज्या पुतण्याला 'काका' ऐकून घ्यावं लागलं, तोच शनिवार-रविवारी दोन खोल्या भाड्याने देतो. वहिनी जेवण करते, कालवाचं सार, भरलेले बोंबील, तांदळाची भाकरी. त्या पैशांतून त्याने घराचे पत्रे बदलले. मासा कमी होत असताना हा दुसरा पाय टेकायला मिळाला, तो तुमच्यासारख्यांनी छापल्यामुळेच. गावातल्या पोरी तुमच्याच पानांवरचे कपडे घालतात, त्यांच्या मापाचे मी अजूनही बेतून देतो. हेही पत्र मी रागाने नाही, धंद्यातल्या माणसाच्या काळजीने लिहितो आहे. गिऱ्हाईक बुडालं तर दुकान चालत नाही.

तर मागणी एकच. पुरवणीत शुक्रवार-शनिवारी सिनेमाच्या खेळांच्या वेळा देता, त्याखाली दोन ओळींची चौकट द्या: दोन भरत्या, दोन ओहोट्या. चार आकडे. मला कागदाची मापं कळतात. ही चौकट ब्लाउजच्या हुकपट्टीपेक्षा मोठी होणार नाही. आकडे शोधायला कुठे जावं लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं आधीच काढून ठेवते, हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्राची सरकारी संस्थाही अंदाज देते. मुंबईची वेळ दिलीत तरी चालेल. उत्तरेकडे भरती जराशी उशिरा पोचते, तेवढा फरक आम्ही जोडून घेऊ. आणि किनाऱ्यावर लेख छापाल तेव्हा सूर्यास्ताच्या वेळेशेजारी त्या दिवशीच्या भरतीची वेळ टाका. बस.

तुमच्या बैठकीत कुणी तरी म्हणेल, हल्ली सगळं फोनवर असतं, हे छापून काय उपयोग? सूर्यास्तही फोनवर असतो, तरी छापताच ना. सिनेमाच्या वेळाही असतात. आणि राशिभविष्य? मेष राशीने आज जलप्रवास टाळावा असं तुम्ही छापता. मेष राशीचा माणूस ते वाचून कदाचित घरी बसतोही. पण आज रात्री नऊला भरती आहे, ही गोष्ट बाराही राशींना सारखीच लागू होते, आणि ती शंभर टक्के खरी ठरते. अशी हमी तुमच्या ज्योतिषाला एका तरी ओळीची देता येते का?

तोवर, म्हणजे तुमची चौकट सुरू होईपर्यंत, आमच्याकडचा ठोकताळा देऊन ठेवतो. बाबांनी मला शिकवला, त्यांना त्यांच्या बापाने. कॅलेंडरवर तिथी बघायची. तिला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तो आकडा साधारण पूर्ण भरतीचा. सकाळीही तोच, संध्याकाळीही तोच. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची. द्वादशीला बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. सकाळी नऊ, रात्री नऊ. तिथून सहा तास मागे-पुढे ओहोटी. त्या चौघांनी गाडी आत घालण्याआधी एवढा एक पाढा म्हटला असता तर समुद्र कधी येणार ते त्यांना आधीच कळलं असतं.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी निघताना लुगडं घडी घालून परत द्यायला आली. घडी चुकली होती. नऊ वारांची घडी एकट्याने पडत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. वहिनीने एक टोक धरलं, तिने दुसरं. मी ओटीवर बसून तिला तिथीचं गणित सांगितलं. तिने ते हातावर पेनाने लिहून घेतलं, फोन भिजून बंद पडला होता म्हणून. मग विचारलं, "पुन्हा यायचं तर कधी येऊ?"

तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. लेखाच्या तयारीला म्हणून तुमचा माणूस पाठवणार असाल, तर शनिवार बघू नका. अष्टमीला पाठवा. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी, पाणीही मवाळ, वाळूवर निवांत चालता येतं. आणि भांगाचा दिवस असल्याने आम्हीही घरी असतो.

आपला,
एडवणचा एक कटिंग मास्तर